धोरण बदललं की धंद्यात नेमकं काय काय हलतं : व्यवस्थापकांसाठी एक सविस्तर कार्यपद्धती

मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले की बहुतेक कंपन्यांत एकच हिशेब होतो : आपल्या कर्जावरचं व्याज किती वाढेल? दर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, म्हणजे व्याजाचा खर्च सव्वापट. तेवढी तरतूद करू, किंमत थोडी वाढवू, विषय संपला. हा हिशेब चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे.

समजा, एका कारखान्यात माल सरासरी ६० दिवस पडून असतो, गिऱ्हाइकांचे पैसे यायला ७५ दिवस लागतात आणि पुरवठादारांना आपण ४५ दिवसांनी पैसे देतो. ६० अधिक ७५ वजा ४५, म्हणजे ९० दिवसांचा पैसा कायम अडकलेला. आता व्याज वाढलं. पण ते काही आपल्या एकट्यासाठी वाढलेलं नाही. गिऱ्हाईक महाग कर्ज काढण्यापेक्षा आपले पैसे थकवणं पसंत करतं आणि ७५ चे ९५ दिवस होतात. पुरवठादाराचीही तीच ओढाताण, म्हणून तो ४५ ऐवजी ३० दिवसांत पैसे मागतो. आपण काहीही न करता ९० दिवसांचं चक्र १२५ दिवसांचं झालं. रोजचा खर्च सारखाच धरला, तर बोजा ९० गुणिले ८ म्हणजे ७२० वरून १२५ गुणिले १० म्हणजे १२५० वर गेला. वाढ सुमारे ७४ टक्के, आणि आपण तरतूद केली होती २५ टक्क्यांची.

ही मधली तफावत कुठल्याही सरकारी अधिसूचनेत सापडत नाही. ती गिऱ्हाईक, पुरवठादार, बँक आणि आपण स्वतः एकमेकांना जो प्रतिसाद देतो त्यातून तयार होते. ती आधीच दिसावी म्हणून सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे प्रणालीविचार. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि कंपनीतली चार-पाच जाणती माणसं पुरतात.

पायरी १ : धोरणापासून नव्हे, दुखण्यापासून सुरुवात करा

‘नव्या धोरणाचा आपल्यावर काय परिणाम होईल?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तर भाषणासारखंच येतं. त्याऐवजी पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारं एक दुखणं निवडा. दर काही महिन्यांनी गोदाम तुडुंब भरतं आणि नंतर माल कमी पडतो. दर तिमाहीअखेर रोकड आटते. भरती आणि कपात आलटून पालटून चालू राहते. यांपैकी एक घ्या आणि त्याचा गेल्या चार-पाच वर्षांचा महिनावार आलेख काढा. त्याच आलेखावर त्या काळातल्या ठळक धोरणबदलांच्या तारखा टाका.

इथेच पहिला धक्का बसतो. बऱ्याचदा चढउतारांचा आणि धोरणांच्या तारखांचा मेळच बसत नाही. अमेरिकन अभियंते जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात नेमकं हेच दाखवलं. विद्युत अभियांत्रिकीतून ते एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेत आले होते. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कामगारांची संख्या दर तीन वर्षांच्या आसपास वरखाली व्हायची आणि व्यवस्थापक त्याचं खापर बाजारातल्या तेजीमंदीवर फोडायचे. फॉरेस्टर यांनी कंपनीत भरतीचे आणि साठ्याचे निर्णय कसे होतात ते विचारून घेतलं आणि वहीत आठवड्यामागून आठवडा हाताने हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर ठेवली तरी चढउतार होतच राहिले. दोष कंपनीच्या स्वतःच्या नियमांत होता. सिस्टिम डायनॅमिक्स ही शाखा तिथून उभी राहिली.

म्हणून दुखण्याचं कारण शोधताना सरकारला किंवा बाजाराला जबाबदार धरण्याआधी हा आलेख काढाच. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं काम वाया जातं.

पायरी २ : साठे कोणते ते ठरवा

साठा म्हणजे जे आज मोजता येतं : बँकेतली रोकड, गोदामातला माल, येणी, देणी, हातातल्या ऑर्डरी, तयार कामगार. प्रवाह म्हणजे त्या साठ्यात भर घालणारं किंवा त्यातून काढून घेणारं : वसुली, खरेदी, विक्री, भरती, राजीनामे. कागदावर साठे चौकोनात मांडा आणि प्रवाह बाणाने. पाच ते सात साठे पुरतात. वीस मांडले तर चित्र सुंदर दिसेल, पण त्याचा उपयोग कोणी करणार नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण धोरण बहुधा प्रवाहावर काम करतं आणि साठा सावकाश बदलतो. आज भरती थांबवली तरी पगाराचा खर्च लगेच उतरत नाही. आज कर्ज स्वस्त झालं तरी प्रशिक्षित माणसं उद्या हजर होत नाहीत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काही साठ्यांचं मूल्य एका रात्रीत बदलतं. परकी चलनातलं कर्ज विनिमय दर हलताच फुगतं. रोखे व्याजदर वाढले की स्वस्त होतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ पासून दर वाढवायला घेतले आणि जुलै २०२३ पर्यंत ते जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. या चढाच्या मधेच, मार्च २०२३ मध्ये, सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. तिच्याकडच्या लांब मुदतीच्या रोख्यांची किंमत घसरली होती. त्याच सुमाराला तिचे ठेवीदार, म्हणजे बहुतांशी नवउद्योग, नवं भांडवल मिळत नसल्यामुळे ठेवी काढून घेत होते. एकाच धोरणाने बँकेच्या दोन्ही बाजू एकदम दाबल्या. तुमच्या कागदावर असे दोन साठे एकाच दराला बांधलेले असतील, तर त्यांच्याभोवती लाल वर्तुळ काढा.

पायरी ३ : बाण जोडा आणि चक्रं शोधा

आता कशामुळे काय होतं ते जोडा. प्रत्येक बाणावर एक खूण हवी. पहिली गोष्ट वाढली की दुसरीही वाढत असेल तर अधिक, दुसरी घटत असेल तर वजा. मग बाणांच्या मागे जात पुन्हा सुरुवातीच्या जागी येता येतं का ते पाहा. येता आलं तर ते चक्र. चक्रातल्या वजा खुणा मोजा. त्या सम असतील किंवा मुळीच नसतील, तर चक्र सुरू झालेली हालचाल वाढवत नेतं. विषम असतील, तर ते तिला आवर घालतं.

रोकडीचं एक चक्र पाहू. रोकड वाढली की पुरवठादाराला पैसे देण्यातली दिरंगाई कमी होते, म्हणजे वजा. ही दिरंगाई वाढली की कच्चा माल यायला होणारा उशीर वाढतो, म्हणजे अधिक. तो उशीर वाढला की आपली डिलिव्हरी आणखी लांबते, अधिक. डिलिव्हरी लांबली की वसुली घटते, वजा. वसुली वाढली की रोकड वाढते, अधिक. दोन वजा, म्हणजे सम. हे चक्र ज्या दिशेने फिरायला लागेल त्या दिशेने जोर धरत जातं. रोकड थोडी कमी पडली की हेच चक्र ती आणखी आटवतं. व्याजदरवाढीची बातमी या चक्राला फक्त पहिला धक्का देते. पुढे ते स्वतःच्या बळावर फिरतं आणि नंतर दर कमी झाले तरी आपोआप थांबत नाही.

बाण काढताना वाद होतील. होऊ द्या. विक्रीवाला म्हणेल, डिलिव्हरी उशिरा गेल्याने पैसे अडकतात. हिशेब खातं म्हणेल, विक्रीवाल्याने उधारी सैल सोडली म्हणून. दोन्ही बाण काढा आणि आकडे शोधा. मतभेदाची जागा सापडणं हीच या पायरीची मोठी कमाई.

पायरी ४ : प्रत्येक बाणावर उशीर लिहा

माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. बाण काढणं लोकांना आवडतं, त्यावर दिवस किंवा आठवडे लिहायचं जिवावर येतं. पण धोरणाचा आणि धंद्याचा मेळ बिघडतो तो उशिरामुळेच. व्याजदर बदलल्याचा पूर्ण परिणाम मागणीवर आणि महागाईवर दिसायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तर हा उशीर लांब आणि बेभरवशाचा असतो, यावर वारंवार बोट ठेवलं. त्यात तुमच्या कंपनीतले उशीर मिसळतात.

उशीर विसरल्यावर काय होतं ते छोट्या हिशेबात पाहा. विक्री आठवड्याला १०० नग. नियम असा की चार आठवड्यांच्या विक्रीइतका साठा ठेवायचा, म्हणजे ४००. दर आठवड्याला १०० येतात, १०० जातात. करसवलतीमुळे विक्री ११० झाली. त्या आठवड्यात १०० आले, ११० गेले, साठा उरला ३९०. नव्या विक्रीनुसार साठा हवा ४४०. तूट ५०. खरेदी विभाग ऑर्डर देतो ११० अधिक ५०, म्हणजे १६०. गिऱ्हाइकाची मागणी वाढली १० टक्के, पुरवठादाराला दिसली ६० टक्के. माल यायला सहा आठवडे लागतात, म्हणून पुढच्या आठवड्यात साठा आणखी उतरून ३८० होतो, तूट ६० दिसते आणि ऑर्डर जाते १७०. आधीची ऑर्डर वाटेत आहे हे कोणी धरलेलंच नाही. असे सहा आठवडे गेले की गोदामात माल ठेवायला जागा उरत नाही, ऑर्डरी धडाधड रद्द होतात आणि पुरवठादार माणसं कमी करतो. साखळीतली प्रत्येक कडी हेच करते, म्हणून मागे जावं तसा चढउतार मोठा होत जातो. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला तो डायपरच्या ऑर्डरींमध्ये दिसला होता, आणि बाळांची डायपरची गरज तर जवळजवळ स्थिर असते.

यावर उपाय दोन. वाटेतला माल साठ्यात धरून मगच ऑर्डर द्यायची. आणि तूट एका फटक्यात न भरता, समजा, दहा आठवड्यांत भरायची. मग पहिली ऑर्डर १६० ऐवजी ११० अधिक ५, म्हणजे ११५ होते. नियमातला एवढासा बदल. त्यासाठी ना नवी गुंतवणूक लागते ना सरकारची मदत.

उशिराची जाण असणं किती कामाचं ठरतं, ते २०२० च्या चिपटंचाईत दिसलं. साथीच्या सुरुवातीला अनेक मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. सरकारी मदत, स्वस्त कर्ज आणि घरून काम यांमुळे लॅपटॉप-फोनची मागणी उसळली आणि चिप कारखान्यांची क्षमता तिकडे गेली. मोटारींची मागणी परतली तेव्हा मोटार कंपन्या रांगेत मागे होत्या. टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर धडा घेऊन पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप जवळ ठेवायला सांगितलं होतं. किती महिन्यांचा साठा हे माल मिळायला लागणाऱ्या उशिरावरून ठरवलेलं होतं, म्हणून टंचाईच्या पहिल्या टप्प्यात ती इतरांपेक्षा तग धरून राहिली. २०२१ च्या उत्तरार्धात मात्र तिलाही उत्पादन कमी करावं लागलं. साठ्यामुळे वेळ मिळतो; संकट टळतंच असं नाही.

कर्जाच्या बाबतीतही उशीर लिहा. दर बदलता असेल तर नव्या दराची तारीख, पक्का असेल तर मुदत संपण्याची तारीख. ‘आपल्याला दरवाढ लागली नाही’ असं वाटणाऱ्या अनेक कंपन्यांना ती दोन वर्षांनी, कर्ज नव्याने घेताना, एकदम लागते.

पायरी ५ : धोरण कुठल्या बाणावर बसतं ते शोधा, आणि मग दोन पावलं पुढे जा

आता कुठे धोरण चित्रात आणायचं. व्याजदर रोकडीच्या आणि गिऱ्हाइकाच्या उधारीच्या बाणांवर बसतो. कर विक्रीच्या वेळेवर आणि मार्जिनवर. आयात शुल्क आणि विनिमय दर कच्च्या मालावर आणि स्पर्धकांवर. नियमांतले बदल खर्चावर आणि प्रक्रियेच्या वेळेवर. सरकारी खर्च आणि अनुदानं मागणीवर. प्रत्येक बाणाशी थांबून विचारा : हे झाल्यावर दुसरं कोण काय करेल? आणि त्यावर तिसरं कोण?

२०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशिनवर शुल्क लावलं. वॉशिंग मशिन महागली, हे अपेक्षितच होतं. पण कपडे वाळवायच्या ड्रायरवर कुठलंही नवं शुल्क नसताना तीही जवळजवळ तितकीच महागली, कारण ही यंत्रं बहुधा जोडीने विकली जातात आणि कंपन्यांनी वाढ दोघांवर वाटली. सॅमसंग आणि एलजी यांनी अमेरिकेतच कारखाने सुरू केले, म्हणजे ज्या देशी कंपन्यांना संरक्षण मिळालं असं वाटत होतं, त्यांच्या अंगणातच स्पर्धक आले. १९८१ मध्येही असंच घडलं होतं. जपानने अमेरिकेला होणारी मोटार निर्यात वर्षाला १६.८ लाखांवर मर्यादित ठेवायचं मान्य केलं. संख्येवर बंधन आलं म्हणून जपानी कंपन्यांनी महाग, मोठ्या गाड्यांकडे मोर्चा वळवला आणि अमेरिकेत कारखाने टाकले. ‘स्पर्धकाला शुल्क लागलं, आता आपण निवांत’ असं ज्यांनी गृहीत धरलं, त्यांनी दुसरं पाऊल पाहिलंच नव्हतं.

लोक घोषणा आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या काळातही वागणूक बदलतात. जपानने १ एप्रिल २०१४ रोजी उपभोग कर ५ वरून ८ टक्के केला. तारीख आधी माहीत असल्याने ग्राहकांनी मार्चपर्यंत खरेदी उरकली आणि नंतरच्या तिमाहीत मागणी जोरात आपटली. त्या मार्चमधली विक्री खरी मागणी मानून उत्पादन वाढवणारा व्यवस्थापक एप्रिलमध्ये पडून राहिलेला माल मोजत बसतो. कर, अनुदान किंवा नियमाची तारीख जाहीर झाली की आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने एकत्र करून सरासरी काढा, मगच क्षमता ठरवा.

पायरी ६ : हात कुठे घालायचा ते ठरवा

चित्र तयार झालं की सगळ्यांचे डोळे सगळ्यात मोठ्या आकड्याकडे जातात. वसुली ९५ दिवसांवर गेली? वसुलीवाल्यांना फोन करायला लावा, गिऱ्हाइकांना तंबी द्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं इथे सहज होतं. म्हणून आधी आकडा फोडा. सुरुवातीच्या उदाहरणातले मूळचे ७५ दिवस असे असू शकतात : करारातली मुदत ४५, बिल तयार होऊन निघायला ८, गिऱ्हाइकाकडून माल मिळाल्याची सही यायला ७, चुकीची बिलं परत येऊन दुरुस्त होण्यात ५, आणि खरी थकबाकी फक्त १०. म्हणजे २० दिवस कागद फिरवण्यात जातात, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच हातात आहेत. व्याजदरवाढीने गिऱ्हाइकाने घेतले तेही २० दिवसच.

माल गाडीत चढतानाच बिल निघालं, आणि खरेदी ऑर्डरचा क्रमांक व दर पाठवण्यापूर्वी ताडून पाहिला, तर यांतले १२ दिवस वाचवणं अशक्य नाही. मग १२५ दिवसांचं चक्र ११३ वर येतं आणि बोजा १२५० ऐवजी ११३०. वाढ ७४ टक्क्यांऐवजी सुमारे ५७. गिऱ्हाइकाशी एकही कटू शब्द न बोलता.

हात घालायच्या जागा मी या क्रमाने तपासतो : माहिती वेळेवर पोचते का, निर्णयाचा नियम बरोबर आहे का, आणि मग आकडा वाढवायचा की घटवायचा. बहुतेक बैठका शेवटच्याच गोष्टीवर होतात, कारण ती सोपी असते. पहिल्या दोन स्वस्त असतात आणि त्यांचा परिणाम टिकतो.

पायरी ७ : निर्णय आधी लिहून ठेवा

तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये म्हणून उंबरठे शांत काळात ठरवा. उदाहरणार्थ : वसुलीचे दिवस सलग दोन महिने ८५ च्या वर राहिले, तर नव्या गिऱ्हाइकांना उधारी नाही. विनिमय दर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर पुढच्या तिमाहीच्या आयातीचा निम्मा भाग आगाऊ दराने बांधायचा. प्रत्येक उंबरठ्यापुढे एका माणसाचं नाव. आणि उंबरठा नफातोट्याच्या पत्रकावर ठेवू नका. तिथे परिणाम सगळ्यात उशिरा उमटतो. हातातल्या ऑर्डरी, रद्द होणाऱ्या ऑर्डरी, पुरवठादारांनी बदललेल्या अटी, हे आधी बोलतात.

एक धोका आहे. बँक ऑफ इंग्लंडमध्ये सल्लागार असलेले चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, त्याचा व्यवस्थापनातला अर्थ असा : एखाद्या मापाला लक्ष्य बनवलं की ते माप म्हणून बिघडतं. वसुलीच्या दिवसांवर बक्षीस ठेवलं, तर विक्रीवाले तिमाहीअखेर भरमसाट सूट देऊन पैसे आणतील. दिवस उतरतील आणि मार्जिनही. म्हणून मापं जोडीने ठेवा : वसुलीच्या दिवसांबरोबर दिलेली सूट, साठ्याच्या दिवसांबरोबर वेळेवर गेलेल्या डिलिव्हरी.

पायरी ८ : अंदाज तारखेसह लिहा आणि चित्र दुरुस्त करा

कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिहा : ‘दरवाढीनंतर चार महिन्यांत पुरवठादार मुदत कमी करतील’, ‘वाढीव मागणी सहा महिन्यांत ओसरेल’. तीन-तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन बसा. अंदाज चुकला तर माणसाला धारेवर धरू नका. कुठला बाण नव्हता किंवा कुठला उशीर चुकीचा लिहिला होता ते शोधा आणि खोडून दुरुस्त करा. जुनी प्रत मात्र तारीख टाकून जपून ठेवा.

या बैठकीला गोदाम सांभाळणारा, बिलं काढणारा आणि गाड्या लावणारा हवाच. पुरवठादाराने अटी बदलल्याचं किंवा गिऱ्हाइकाने सही द्यायला टाळाटाळ सुरू केल्याचं त्यांना वरच्या मजल्यापेक्षा कितीतरी आधी कळतं. बैठक शक्यतो पतधोरण किंवा अर्थसंकल्प जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी ठेवा, म्हणजे घोषणा झाली की नवा आकडा कुठल्या बाणावर टाकायचा ते आधीच ठरलेलं असेल.